देवघर मुलीला

मी, भीमाचार्य त्रिविक्रम गलगली, निवृत्त शाळामास्तर, राहणार चामराजपेट, बंगळूर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणी भरीस न घालता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. खालचा मजला चिरंजीव विद्याधर यास. वरची खोली, गच्ची आणि देवघर कन्या सत्यवती हिला. माझ्यामागे घर विकू, असे विद्याधर आताच म्हणतो. घर गेले तर तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर सत्यवतीला शहरात खोली मिळणार नाही आणि तिचे पदार्थविज्ञानातले संशोधन सुटेल. सबब तिच्या संमतीवाचून घर विकता येणार नाही.

देवघर थोरल्या मुलाकडे जाते, ही रीत मला ठाऊक आहे. तरी ते सत्यवतीला का, याचे कारण सांगतो. आरतीनंतर आम्ही सारे जागच्या जागी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतो. सत्यवती लहानपणी अशीच फिरली, परकर फुलला आणि ती थांबली. म्हणाली, "अण्णा, मी सुम्मने, अगदी न हलता उभी राहते. देव, घर, वरच्या चांदण्या, सगळं माझ्याभोवती फिरलं, तर परकर फुलेल का?"

माझे मेहुणे गुंडो म्हणाले, पोरीला स्वल्प धाकात ठेवा. मी जन्मभर जडत्व शिकवले. हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. वस्तू आपली गती बदलू देत नाही, तो हट्ट तिचा स्वतःचा, की दूरच्या साऱ्या ताऱ्यांनी मिळून तिला दिलेला? विश्व रिकामे असते तर जडत्वही नसते, असे काही शास्त्रज्ञ मानतात, काही मानत नाहीत. सत्यवती दोघांशीही भांडते. तिची बुद्धी पाहून माझा ऊर भरून येतो. हे तोंडाने कधी सांगवले नाही, म्हणून साक्षीदारांसमोर लिहितो.

२. बँकेतील शिल्लक दोघा मुलांत निम्मी-निम्मी. माझा फळा सत्यवतीला.

३. गुंडो यांना माझी छत्री. ती गेली कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे. आता परत मागू नये.

४. सुतक फिटल्यावर पहिली आरती होईल, तेव्हा कोणी स्वतःभोवती फिरू नये. सत्यवतीने देवघरात मधोमध स्तब्ध उभे राहावे आणि घरच्या सर्वांनी, गुंडो धरून, तिच्याभोवती प्रदक्षिणा घालावी. तिचा पदर हलणार नाही, हे मी जाणतो. त्याला सारे विश्व फिरवावे लागेल. तरी घालावी. विद्याधरने सर्वांच्या पुढे चालावे.

हे वाचून, समजून सही केली.

भीमाचार्य त्रिविक्रम गलगली

आमच्यासमक्ष सही झाली:
बसवंत कल्लाप्पा हुगार, शेजारी
अहल्या नरगुंदकर, शाळेतील सहशिक्षिका

चामराजपेट, बंगळूर
१७ नोव्हेंबर १९६४