माझ्या मूत्रपिंडांतली रापण

३ नोव्हेंबर
आजपासून साखरेविरुद्ध युद्ध. डॉ. नाझमीनने नवी गोळी दिली. जत्रेला देवळासमोर मधुमेहावर व्याख्यान आहे, वक्ता अर्थातच मी. सरपंच सारिकाने मात्र अट घातली. म्हणे, "मास्तरांनू, पयली तुमची साखर उतरांदे, मगे माईक घेवा. नायतर लोका हसतली." मान्य! माईकसाठी मी काहीही सोडेन. उद्यापासून गोड बंद.

४ नोव्हेंबर
गोळीचं शास्त्र वाचून काढलं. मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं, तेव्हा साखरही गाळून पलीकडे जाते. तिथल्या पेशी ती पकडून पुन्हा रक्तात ओढतात. आपल्या किनाऱ्यावर मच्छीमार रापणीचं मोठं जाळं ओढतात तशी! निरोगी माणसात हा शहाणपणा. काही वाया जात नाही. पण मधुमेह्याच्या पेशी जास्तच ओढतात. रक्तात आधीच साखर उतू चाललेली, आणि हे बहाद्दर अजून भर घालतात. गोळी त्यांचे दोर सोडवते. साखर लघवीवाटे बाहेर.
भाषणाची सुरुवात ठरली: "बंधूंनो, फितुरी आपल्या पाठीतच आहे!"

६ नोव्हेंबर
लघवी तपासायची पट्टी आणली. रंग गर्द. म्हणजे साखर धो धो बाहेर! बायकोला बोलावून दाखवली. सुशीला म्हणाली, "ह्यां काय लोकांका दाखवूचां आसा?" वैज्ञानिक दृष्टी घरोघरी नसते.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
तारकर्लीच्या वाळूत भाषणाची तालीम. अर्ध्या तासात तीनदा माडाआड जावं लागलं. गोळी पेटून उठली आहे.
एक विचार. साखर बाहेर जायला दार उघडंच असेल, तर आत काय येतं याला महत्त्व किती? पडताळणीसाठी खाज्याचा एकच तुकडा खाल्ला. गूळ आणि आलं. पट्टी पुन्हा गर्द. सिद्ध झालं.

१२ नोव्हेंबर
प्रयोगाला नमुना मोठा हवा. पाव किलो खाजं आणलं. सुशीलेने पिशवी पाहिली. पाहुण्यांसाठी आहे म्हटलं. "खंयचे पावणे? तुमच्या पोटात रवतत ते?" क्षुद्र प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१५ नोव्हेंबर
पहाटे चालायला जाणार होतो. बूट ओले निघाले. प्रयोग चालू. पट्टी गर्द. मी प्रसन्न.

२० नोव्हेंबर
रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर पूर्वीपेक्षा जास्त! मशीन बिघडलं असणार.
नाझमीन माझी जुनी विद्यार्थिनी, पण बोलताना भीडभाड नाही. म्हणाली, "सर, ही गोळी चालू असली की पट्टी गर्दच येणार, उपाशी राहिलात तरी. आणि गोळी रोज ठरावीकच साखर बाहेर काढते. तुम्ही त्याच्या कितीतरी पट आत भरताय. खाजं ना?"
श्रोत्याला बोलू देणं हाही वक्तृत्वाचा भाग आहे.

२१ नोव्हेंबर
सारिकाने व्याख्यान नाझमीनला दिलं. मला आभारप्रदर्शन. एका दृष्टीने बरंच झालं. सभेचा कळस आभारातच असतो. चाळीस मिनिटांत आटोपेन.

२६ नोव्हेंबर, जत्रा
नाझमीन दहा मिनिटं बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना खोली नको असते.
मी आभाराला उठलो, तेवढ्यात गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालायची वेळ झाली. परशुराम गुरव देवापुढे उभा राहिला. माझ्यापुढे त्याचा आवाज म्हणजे काहीच नाही. पण सुशीलेने त्याच्या हाती नारळ ठेवून कानात काहीतरी सांगितलं होतं.
"बा देवा म्हाराजा! आमच्या बाबू मास्तराची साखर उतरव रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव.
"त्येचो खाज्यावरचो जीव काढून घे रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आणि त्येका थोडक्यात बोलूची बुद्धी दी रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
लहानपणापासूनची सवय. मीही ओरडलो. सारिका नंतर म्हणाली, सगळ्यांत खणखणीत आवाज माझाच होता.