रंगाला नाव कशाला

१० सप्टेंबर, बुधवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या मागे लोक त्यांच्या आठवणी लिहितात आणि हमखास चुकीच्या लिहितात. आपलं आपण लिहिलेलं बरं.
मंडळाच्या नीलाताईंचा फोन. नवरात्राच्या रंगांचं ॲप करून द्याल का? दिल्लीतल्या समस्त मराठी बायका रोज एका रंगात दिसाव्यात ही त्यांची हौस. यादीही पाठवली. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली. ही रंगांची यादी की भाजीबाजार? पुसून टाकली. नऊ छटा मी निवडणार. स्क्रीनवर एक कोटी सदुसष्ट लाख रंग असतात. ताईंना साडीच्या दुकानातले चाळीस ठाऊक.
बायको, हेमलता, मात्र खूश. रविवारी २८ला मंडळाचा भोंडला. बारा वर्षं दिल्लीत काढल्यावर यंदा प्रथमच मधल्या हत्तीच्या पूजेचा मान तिला. फोटो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर. हा मान माझ्या ॲपमुळे मिळाला हे उघड आहे. मी तसं बोललो नाही. (बोललो. एकदाच.)

११ सप्टेंबर, संध्या. ७
डोळे चुरचुरतात. कादंबरीने (इयत्ता सहावी, स्वतःला इंजिनिअर समजते) लॅपटॉप ओढून घेऊन काहीतरी खुटखुट केलं. म्हणाली, बाबा, अब आँखें नहीं दुखेंगी, चोवीस तास लावून ठेवलंय. काय लावलं ते विचारायला मला वेळ नव्हता.

१२ सप्टेंबर
डोळे एकदम शांत. शिवाय स्क्रीनवरचे सगळे रंग आज मुरलेल्या लोणच्यासारखे दिसतात. वीस वर्षांच्या साधनेनंतर नजर पिकते ती अशी.
संकल्प : यापुढे रंगाचा कोड बघायचा नाही. निव्वळ नजरेने लावायचा. आकडे कारकुनांसाठी.

१५ सप्टेंबर, सोमवार
नोएडा. ऑफिसातली गिरिजा (अनुभव दीड वर्ष) म्हणाली, सर, आपण करतोय त्या शाळेच्या ॲपमधला पांढरा तुम्ही निळसर केलाय. डोळे तपासून घे म्हटलं.
मग मोठ्या मनाने नवरात्राचं ॲप दाखवलं. तर म्हणे, नुसता रंगाचा चौकोन काय देता, खाली नाव लिहा. प्रत्येक फोनवर रंग वेगळा दिसतो, काही जणांना तर नीट ओळखूच येत नाही. नुसत्या रंगावर भिस्त ठेवायची नसते, हा पहिला धडा आहे, सर.
मला धडा! रंगाला नाव कशाला? सूर्याखाली कोणी 'सूर्य' असं लिहून ठेवलंय? उचलली जीभ लावली टाळ्याला. नावं लिहिणार नाही म्हणजे नाही.

१८ सप्टेंबर
सातवा चौकोन, भोंडल्याच्या दिवसाचा. करडा. (रोजनिशीत नाव चालतं.) साधा करडा लावला तर पिवळट दिसे. निळा वाढवत वाढवत गेलो तेव्हा कुठे शुद्ध करडा उतरला. एखाद्याने इथे कोड बघितला असता. मी बघितला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
हेमलता फोनवर सातवा रंग बघून साडी आणायला निघाली होती. अडवलं. हलवाई घरात असताना मिठाई बाहेरून? लॅपटॉप काखोटीला मारून स्वतः सरोजिनी नगर मार्केटात गेलो. चौथ्या दुकानात तंतोतंत मिळाली. दुकानदार म्हणतो, साहब, आपकी स्क्रीन पीली है. आता पन्नास रुपयाचे टॉप विकणारे मला रंग शिकवणार!
हेमलता दुकानात जरा घुटमळली. म्हणाली, नक्की हाच ना? मी फक्त तिच्याकडे पाहिलं. तिने साडी घेतली.

२४ सप्टेंबर
ॲप सोमवारपासून सुरू. ग्रुपवर बायकांचे सेल्फी. एकीचाही रंग बरोबर नाही. काल मी मोतिया दिला होता, सगळ्या बर्फासारख्या निळ्या-पांढऱ्या. नाचता येईना अंगण वाकडं. हेमलताने घाबरून विचारलं. मोबाइलचे कॅमेरे फसवतात, असं समजावलं. तिला पटलं. माझं तिला पटतं, हा तिचा मोठा गुण.

२८ सप्टेंबर, रविवार, दु. १२
आज भोंडला. हेमलता साडी नेसून तयार. सुरेख दिसते. मंडळ माझा सत्कार करणार असावं. तीन मिनिटांचं भाषण खिशात.

त्याच दिवशी, संध्या. ७
एकतीस बायका आकाशी. एक करडी.
नीलाताई हसत म्हणाल्या, अगं, तू तर हत्तीला मॅचिंग आलीस! सगळ्या हसल्या. हेमलताही हसली. पूजा केली. फेरातही फिरली, पण ताट सारखं साडीपुढे धरून.
मग फोटो. एक काढल्यावर फोटोग्राफर नीलाताईंच्या कानाशी लागला. ताईंनी हेमलताला म्हटलं, जरा ताट धरून बाजूला उभी राहतेस का, एक फोटो सगळ्यांचा एका रंगातला घेऊ. मुखपृष्ठावर हा दुसरा फोटो जाणार आहे.
ऑटोमध्ये तिला सांगितलं, खरं म्हणजे आज एकटी तूच बरोबर होतीस. भाषण खिशातच.

२९ सप्टेंबर, सोमवार
रजा टाकली. पाठ दुखते.
हेमलताने लॅपटॉप आणि आपला फोन शेजारी शेजारी ठेवले. एक चौकोन, दोन रंग. कादंबरीने पाहिलं आणि म्हणाली, ओहो, बाबा, नाइट लाइट तो बंद ही नहीं किया! डोळ्यांसाठी स्क्रीन पिवळट करणारं, तिनेच लावलेलं ते बटण तिने दाबलं. पडदा उघडावा तशी स्क्रीन पांढरी झाली. सातवा चौकोन आकाशी होता. माझे नऊच्या नऊ चौकोन कोणीतरी नीळ घालून धुतल्यासारखे.
अठरा दिवस. शाळेचं ॲपही. गिरिजाला काय सांगायचं याचा विचार उद्या.
मग दोघी बसल्या. हेमलता सांगत गेली, कादंबरी चौकोनांखाली नावं टाइप करत गेली. आमसुली म्हणजे काय, हे पोरीने तिला विचारलं, मला नाही. वीस मिनिटांत झालं. मला चहा ठेवायला सांगितला होता.
चहा देताना साडी घडी घालून खुर्चीवर दिसली. लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, काही म्हण, हा करडा फार सुंदर आहे.
हेमलता म्हणाली, हा एक शब्द ॲपमध्ये लिहिला असतास तर मी फोटोत असते.