टाचण्या तोंडातून काढा

५ एप्रिल

तीर्थरूप बाबा व आईस,
सा. न. वि. वि.

ठमीला तुमच्याकडे सोडून वसतिगृहात सुखरूप पोचले. आता महिनाभर प्रयोगशाळेतली नवी यंत्रं शिकायची. निघताना गडबडीत जे राहिलं ते लिहिते. तुमची नात चार वर्षांची झाली, तिला डाउन सिंड्रोम आहे, आणि तिला सगळं कळतं. जीभ-ओठ सैल, म्हणून बोलणं मागे आहे, एवढंच. कान तपासून घेतले, ते ठणठणीत आहेत. तहान लागली आणि शू आली, एवढं परक्या माणसाला सांगता आलं, खुणेने का होईना, तर सुट्टीनंतर घेऊ, असं बालवाडीच्या बाई म्हणाल्यात. ती जाणारच, मला शंका नाही.

वाचा-उपचाराच्या बाईंचे नियम असे: तिच्या समोर बसून बोला, तुमचं तोंड तिला दिसू द्या. एका वेळी एकच शब्द, सोबत खूण. पाण्यासाठी अंगठा ओठांशी. मग मनात दहापर्यंत मोजा आणि गप्प राहा. आईला हे जड जाईल, तिने माझंसुद्धा वाक्य कधी पुरं होऊ दिलेलं नाही!

तुमची माया आहेच. महिनाभर ती जरा सावकाश करा, ही विनंती.
तुमची थोरली

११ एप्रिल

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझी कन्या मजेत आहे. दिवसभर दुकानात माझ्या मशीनपाशी स्टुलावर बसते आणि चिंध्या रंगवार लावते. मला पन्नास वर्षांत हे जमलं नाही.

तुझ्या आईचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. पोरीने पाण्याच्या जगकडे नुसतं पाहिलं की हिचा पेला हजर. मी डोळे वटारले, तर माझ्याशी अबोला धरला. आता तीही मोजते, पण तीन, चार, आठ, दहा असं.

खुणांचं मात्र मला पटत नाही. हातांनी काम भागलं तर पोर तोंड कशाला उघडेल? तरी तुझा हुकूम म्हणून करतो. समोर बसतो, शिवता शिवता बोलतो. गिऱ्हाईक आलं की ती माझ्या मागे दडते. शाळेचं फार मनावर घेऊ नकोस, असं आपलं मला वाटतं. रागावू नकोस.

तब्येत सांभाळ. आमची काळजी तू करू नकोस, तुझी आम्ही करतो.
बाबा

२० एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

काल रविवारी तिथे आले, तेव्हा ठमी ओठ घट्ट मिटून नुसतं “म्म्म” करत होती. मी शब्द म्हणून दाखवला की ओठ आणखी दाबायची. परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा, तुम्ही तिच्यासमोर बसता खरे, पण तोंडात टाचण्या धरून! आम्ही भावंडं तुमचं ते मिटल्या ओठांचं बोलणं ऐकतच मोठी झालो, म्हणून मलाही ते खटकलं नाही. तिला वाटतंय, बोलणं असंच असतं. आणि उद्या तिने टाचणी तोंडात घातली तर?

मी फार चिडले आहे. ही काही बोलायची नाही, असं तुम्ही धरूनच चाललात, म्हणून तोंड मोकळं करावंसंही तुम्हाला वाटलं नाही. याचंच मला जास्त लागलं.
थोरली

ता. क. संध्याकाळी वाचा-उपचाराच्या बाईंना फोन केला. त्या हसायलाच लागल्या! म्हणाल्या, तिचं तोंड कायम उघडं असतं, आणि ओठ मिटल्याशिवाय प, ब, म निघत नाहीत. आम्ही सहा महिने त्यासाठी झटतोय, तुमच्याकडे ते दोन आठवड्यांत झालं. आता मिटलेले ओठ उघडून दाखवा. खुणांनी बोलणं थांबत नाही, उलट धीर येतो, हेही बाईंनी तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितलंय. टाचण्या मात्र डबीत, आणि डबी उंचावर. सकाळचा राग अर्धा गेलाय. राहिलेला तसाच पाठवते.

२ मे

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं खरं आहे. मी तसंच धरून चाललो होतो. चूक झाली, बाळ.

टाचण्या तोंडातून कायमच्या गेल्या. पहिले दोन दिवस तोंड ओकंबोकं वाटलं. दात काढले का, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं. आम्ही दोघं रोज मोठ्या आरशापुढे बसतो, ओठ मिटून “म्म”, मग उघडून “पा”. लोक कपडे घालून बघायला ताटकळतात.

आज बँकेतले एक साहेब कोटाच्या मापाला आले. ठमीने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर टेप धरून उभा, तर ही सरळ त्यांच्यापुढे गेली आणि अंगठा ओठांशी नेला. त्यांना काही कळेना. मी सांगणार, तेवढ्यात तुझ्या आईने माझ्यावर डोळे वटारले. मी मोजू लागलो. सातवर पोरीने ओठ मिटले आणि “पा” म्हणाली. स्वच्छ, मोठ्याने. साहेबांनी पुढे होऊन पाणी ओतून दिलं. तुझी आई दारात रडत होती, मला टेपवरचे आकडे दिसेनात.

पेला रिकामा, की पुन्हा “पा”. संध्याकाळपर्यंत अकरा पेले झाले. दुसऱ्या गोष्टीची खूणही मग आपोआप घोटून झाली. फक्त एकदा उशीर झाला.

बालवाडीच्या बाईंना गाठून गणवेशाचा रंग विचार आणि उलट टपाली कळव. दोन फ्रॉक शिवतो. एवढं पाणी पिणाऱ्या मुलीचं एकात भागायचं नाही.
बाबा