घोडी मला दिली नाही

रविवार, १२ नोव्हेंबर २०१७. ग्योतोकु, जपान

मोरितासान घोडी विकणार नाहीत. निदान मला तरी नाही.

सात वर्षं दर रविवारी त्यांच्या तबेल्यात मी या शुद्ध स्पॅनिश घोडीवर बसायला शिकले. आता ते तबेला बंद करतायत, म्हणून आज विचारलं. ते तिला खरारा करत होते.

"२०११च्या भूकंपानंतर तुम्ही मुंबईला गेलात," ते म्हणाले. खरारा थांबला नाही. "दोष देत नाही. पण नळाला पाणी नव्हतं, तेव्हा तुमच्यासोबत शिकणाऱ्या तानाकासान इथे रोज बादल्या वाहत होत्या. घोडी त्यांना दिली."

माझी लेक तेव्हा दोन वर्षांची होती, ऑफिसातले सगळेच भारतीय मायदेशी जात होते. पण मुंबईतल्या त्या महिनाभरात मी त्यांना एक फोनही केला नाही, हेही खरंच ना? इतकी वर्षं त्यांनी हा विषय एका शब्दानं काढला नाही. मग दर रविवारी हसून चहा का पाजला?

घरी नवऱ्याला सांगितलं, घोडीचा मागचा पाय अधू निघाला.

"बरं झालं, घेण्याआधी कळलं," तो म्हणाला.

धडधाकट घोडीला लंगडी ठरवून मी जेवायला बसले.