भिंगरीचा बटाटा

४ जून
आली! म्हातारीची नात माझ्या वर्गात! म्हातारीच्या, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंच्या, पियानोच्या शाळेचा नियमच तसा — आपलं पोर आपण शिकवायचं नाही, कार्यक्रमापर्यंत ऐकायचंही नाही. म्हणून ही भिंगरी माझ्या पदरात.

मी हिच्याएवढी होते तेव्हा मोठ्या बाईच मला शिकवायच्या. वर्गात कायम ‘छान, छान!’ आणि कार्यक्रमात भर सभागृहात माझे हात पट्ट्यांवरून उचलले — ‘हिला ताल नाही. उतर खाली!’ माझ्या जागी बसवलं कुणाला? स्वतःच्या लेकीला! तिनं पुढे पियानो सोडला तो सोडलाच. मी मात्र लोकांसमोर परत कधी वाजवलं नाही. मागच्या खोलीत नवशिकी पोरं शिकवते.

बघतेच आता.

२ जुलै
आज ट्रिपलेट. एका ठोक्यात तीन सूर, तिन्ही सारखे. मी पोरांना भाज्या ओरडायला लावते. दोन सुरांना ‘कांदा’, तीन सुरांना ‘बटाटा’. खोली डोक्यावर घेतली नुसती!

सगळी पोरं एकच चूक करतात — पहिले दोन घाईत उरकतात, तिसऱ्यावर बसून राहतात. बटा-टाऽऽ. ही सवय तिथल्या तिथे मोडावी लागते, नाहीतर बोटांत मुरते. बाकीच्यांची मोडली. भिंगरीजवळ आले, ऐकलं, म्हटलं, “छान!”

काय खुलली पोरगी.

९ जुलै
बटा-टाऽऽ. मुरतंय!

२० जुलै
मोठ्या बाई जिन्यात भेटल्या. “काय गं, आमचं रत्न काय म्हणतंय?”
“हात फार हलका आहे हो. कार्यक्रमात एकटीला बसवते.”
फुलून गेल्या अगदी! वाजवायची धून मुद्दाम ट्रिपलेटनी भरलेली निवडली आहे. म्हातारीचं नाक सगळ्या गावासमोर कापलं जाणार. मी पहिल्या रांगेत बसणार.

३ ऑगस्ट
ती आजीकडे राहत नाही, आणि आईनं सोडल्यापासून तिच्या घरी पियानो नाही. सराव माझ्याच खोलीत. आज थांबून म्हणाली, “बाई, बाकीच्यांचा बटाटा वेगळा का येतो?”
“तू तुझं वाजव.”
लगेच मान डोलावली. इतका विश्वास ठेवायचा असतो का कुणावर? घरी येऊन भांडी आपटली. आता माघार नाही.

१६ ऑगस्ट
झाला कार्यक्रम. पोरगी लंगडत लंगडत वाजवत राहिली. मागून लोकांचं हसू ऐकू आलं. मी मोठ्या बाईंचा चेहरा पडायची वाट बघत होते — पडलाच नाही! ताडकन उठल्या, वर चढल्या, पोरीचे हात पट्ट्यांवरून उचलले. “हिला ताल नाही. उतर खाली!”

तेच शब्द. तोच आवाज. नाक कापलं ते त्या चिमुरडीचं. उतरताना ती माझ्याकडे बघत होती. मला मान वर करवेना.

१९ ऑगस्ट
भिंगरी आली होती. आजीनं शिकणं बंद केलंय तरी, चोरून. दारातच उभी राहिली.
“बाई, आजी म्हणते तुम्हालाही ताल नव्हता. मग तुम्हाला शिकवलं कुणी होतं?”
मोठ्या बाईंचं नाव सांगायला तोंड उघडलं — आणि कानात वर्गातलं त्यांचं ते जुनं ‘छान, छान!’ आलं. अगदी माझ्याच आवाजात.