आधी खोट, मग भाव

मी, शमसुद्दीन हसन कर्ते, वय एकाहत्तर, धंदा जुनी शिलाई मशिनं दुरुस्त करून विकणे, राहणार दूधनाका, कल्याण पश्चिम, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांचा दाखला कोणी मागितला नाही, पण माझे कान डोक्याहून बरे आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायको हमिदा म्हणते, "दबाव आणायला तुम्ही एका जागी बसायला तर पाहिजे." खरं आहे. हे चौथं मृत्युपत्र. आधीची तीन फाडली. हे लिहितानाही मधेच उठून दोनदा खाली दुकानात डोकावून आलो.

१. माझ्या दफनाचा खर्च आणि जी काही देणी निघतील ती आधी भागवावीत. उरेल त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच मला मर्जीने देता येतं, आणि तेही वारसांबाहेरच्या माणसाला. बाकीची वाटणी शरियतने करून ठेवली आहे: आठवा हिस्सा हमिदाचा, उरलेलं आमच्या एकुलत्या एका मुलाचं, नदीमचं. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. मात्र आमच्या दुकानाची एक रीत आहे, ती इथेही पाळतो. गिऱ्हाईकाला आधी मशीनची खोट सांगायची, मग भाव. गिऱ्हाईकाने ती खोट आपल्या तोंडाने परत म्हटल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. शिवाय तीन दिवसांत मशीन परत आणायची मुभा. पैगंबरसाहेबांची शिकवण आहे, माझी अक्कल नाही. म्हणून खाली प्रत्येक मिळकतीपुढे तिची खोटही लिहितो.

२. दूधनाक्याचं दुकान आणि वरचं राहतं घर. खोट: मागची भिंत ओल धरते. शटर उचलायला दोन माणसं लागतात. हमिदा हयात असेपर्यंत तिला इथून कोणी हलवू नये, अशी माझी विनंती आहे. हुकूम नाही, पण विनंती जरा मोठ्या आवाजात वाचावी.

३. डोंबिवली पूर्वेचा फ्लॅट, तिसरा मजला. खोट: लिफ्ट मनाला येईल तेव्हा चालते, हॉलच्या भिंतीला चीर आहे, मोरीखालचा पाइप गळतो (पाइपाची नोंद मागाहून घातली, कलम ९ पाहावे). या फ्लॅटला नदीमने गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे, मी अजून जिने चढतो आहे तरी.

४. ठाण्यातल्या कोपरीचं दुकान. खोट: समोर रिक्षा लागतात, दारातून मशीन बाहेर काढताना भांडण ठरलेलं. कर्ज मात्र कशावरच नाही. व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही, त्यामुळे हे दुकान व्हायला इतकी वर्षं लागली की हमिदा विचारायची, "दुकान घेताय की किल्ला बांधताय?" ज्याच्या हातगुणावर ते उभं राहिलं तो माझा कारागीर धाकू तरे. मिठागरावर राबणाऱ्या घरातला, कोपरीचा. आता हयात नाही.

५. बचत खात्यात बँकेने न मागता टाकलेलं व्याज वेगळं काढावं आणि नाक्यावरच्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला द्यावं. त्यातून पुण्य मिळेल अशी आशा धरू नये.

६. आमच्या समोरचे एक दुकानदार गावभर सांगत फिरले की, "कर्तेंचा माल नका घेऊ, तो स्वतःच खराब म्हणून सांगतो." इतकी जाहिरात मला पैसे मोजूनही जमली नसती. त्यांना माफ केलं. जनाज्याला येऊ द्यावं, पण माझे गुण सांगायला उभं करू नये.

७. धाकूचा लांब लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. टोक मशीनला, मूठ कानाला लावली की आतलं झिजलेलं सगळं ऐकू येतं. हा कोणाला द्यावा ते ठरत नाही. जागा कोरी सोडतो.

८. आता दोन्ही दुकानांच्या पाटीवरचं 'अमानत', म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, हे नोंदणी केलेलं नाव. माझी झोप यानेच घालवली आहे.

नदीमला पाटी हिरवी हवी, वर चंद्रकोर हवी आणि खोक्यावर 'हलाल' असा शिक्का. मी म्हटलं, "मशीन काय कोंबडी आहे?" तो म्हणाला, "अब्बा, ब्रँडिंग असंच असतं. मार्केटमध्ये चालतंय." शिक्क्यालाही माझी हरकत नव्हती. पण मागच्या महिन्यात मी पोटमाळ्यावर होतो आणि खाली डोंबिवलीच्या सुमतीताई घाडगे मशीन बघत होत्या. पिको-फॉलचं काम करतात. नदीम म्हणाला, "घ्या ताई, एकदम मक्खन. नव्यासारखं." वरून मला मशीनचं शटल, खालचा दोरा फिरवणारा भाग, ऐकू येत होतं. वेग घेतला की टक् करत होतं. मी उतरलो. "ताई, शटल झिजलंय. रेशमी कापडावर टाका सुटेल. म्हणा बघू." त्यांनी म्हटलं आणि हसल्या. "काका, हे म्हणायला लावता म्हणून तर एवढ्या लांब येते."

त्या गेल्यावर नदीमला विचारलं, "खोट लपवून विकलंस, तर तुझ्या त्या शिक्क्याचं काय?"

"कोण बघतंय, अब्बा?"

जन्मभर मी याच प्रश्नाला भिऊन धंदा केला. पोराने तो इतक्या सहज विचारला.

मग कोपरीला गेलो. धाकूची मुलगी कल्पिता ते दुकान सांभाळते. नाव तू घेशील का विचारलं, तर म्हणाली, "चाचा, आधी माझी खोट ऐका. माझं लग्न ठरायचंय, सासर लांबचं मिळालं तर कोपरी सुटेल. आणि मला राग लवकर येतो. परवाच एकाला मशीन न देता हाकललंय."

मी म्हटलं, "परत म्हण."

"ते घेणाऱ्याने म्हणायचं असतं, चाचा."

मग मी म्हटलं.

सबब, 'अमानत' हे नाव आणि त्याचा हक्क, ज्याची किंमत माझ्या एक तृतीयांशात बसते, मी कल्पिता धाकू तरे हिला देतो. दुकानं वाटणीत नदीमकडे येतील. त्यांवर त्याने आपलं नाव लावावं, हवे तितके चंद्र लावावेत. अंमलबजावणी हमिदाने करावी.

९. वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. नदीम दाराला टेकून ऐकत होता. कलम आठ संपलं. मला वाटलं, आता चप्पल घालून जाईल. तो म्हणाला, "कलम तीन परत वाचा."

वाचलं.

"मोरीखालचा पाइप राहिला. गळतो. खालच्या फ्लॅटच्या छतात पाणी उतरतं. त्या पार्टीला मी बोललेलो नाही." मग म्हणाला, "आता बोलावं लागेल. सौदा मोडेल बहुतेक."

मी नीट ऐकलं. कुठे टक् आलं नाही.

कलम आठ होतं तसंच ठेवलं आहे. कलम तीनमध्ये पाइप घातला आहे. कलम सात रद्द. वारसाला मृत्युपत्राने वेगळं काही देता येत नाही, म्हणून तो स्क्रूड्रायव्हर आजच, हयातीतच, नदीमच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावून बघितला, उलट्या बाजूने. कल्पिता शिकवेल.

हे पत्र मी फाडणार नाही.

लिहून ठेवणार: शमसुद्दीन हसन कर्ते (सही)

आमच्यादेखत सही झाली:
१. सुमती तानाजी घाडगे, डोंबिवली पूर्व (सही)
२. साईनाथ भिवा केणे, शिंपीकाम, टेंभी नाका, ठाणे (सही)

ठिकाण: कल्याण
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५