गवत पेरणाऱ्या बाईचं नाव

पाइन ब्लफ, आर्कान्सा
९ मार्च १९९४

ती. ओथेलदादास,
सा. न.

तुझी बहीण गरीब बिचारी असल्याचं मी परवा शपथेवर लिहून दिलं. आई असती तर तिथंच कानाखाली वाजवली असती. पण सरकारी रस्त्यांच्या कामात आपल्यासारख्या काळ्यांच्या, बायकांच्या छोट्या धंद्यांना वाटा ठेवतात, आणि तो हवा तर दाखला काढावा लागतो. मी इतकी वर्षं गवत पेरतेय, पण चर्चच्या आवारात नाहीतर कुणाच्या तळ्याकाठी. हमरस्त्याच्या कडेच्या उतारावर, जिथं माती वाहू नये म्हणून गवत पेरतात, अजून कुणी पाऊल ठेवू दिलेलं नाही.

धंदा खरंच माझा की मी नुसती नावाला, हे बघायला काल रस्ते विभागाचा माणूस घरी आला. प्रश्न मला विचारायचा नि बघायचा माझ्या नवऱ्याकडे. शेवटी त्याने क्लोव्हिसला सरळच विचारलं, की बायकोचा निर्णय तुम्ही कधी फिरवता का. क्लोव्हिस म्हणाला, एकदा प्रयत्न केला होता, लग्नाच्या आदल्या वर्षी. त्यानंतर साहेब माझ्याकडे बघून बोलायला लागला.

गुडघा सांभाळ. माया आहेच, पत्रातून दिसू दे.
तुझी,
व्हर्लीन

डेट्रॉइट
२४ मार्च १९९४

चि. व्हर्लीनला,
अ. उ. आ.

तू बिचारी? लहानपणी माझा दात तू पाडलास, दाखला मला मिळायला हवा!

आता थोरल्या भावाचं ऐक. दाखला आला की बडे कंत्राटदार दारात येतील. त्यांना तुझं गवत नको असतं, नाव हवं असतं. टेंडरमध्ये तुझ्यासारखी कुणी दाखवल्याशिवाय त्यांना काम मिळत नाही. तर देऊन टाक नाव, आणि बस घरी पाय पसरून. मी जन्मभर मोटारींच्या कारखान्यात घाम गाळला. आपल्या घराण्यात एकानं बसून खाल्लं तर देव काही खुर्चीतून पडणार नाही.

क्लोव्हिसला नमस्कार. त्या माणसाला दाखला मिळायलाच हवा.
तुझा,
ओथेल

पाइन ब्लफ
२ जून १९९४

ती. दादास,
सा. न.

दाखला आला. पाठोपाठ ब्रँटली नावाचा कंत्राटदार आला, तूच पाठवल्यासारखा. मी भाजलेल्या पेकन-पायचे, म्हणजे आपल्या त्या अक्रोडासारख्या दाण्यांच्या गोड पदार्थाचे, दोन तुकडे खाल्ले नि तुझीच भाषा बोलला: नाव तुमचं, माणसं आमची, तुम्ही घरी बसा, तुमचा वाटा घरपोच. क्लोव्हिसने तेवढ्यात मनातल्या मनात होडी घेऊन तिला रंगही दिला.

मी नाही म्हटलं. यात पकडले गेलो तर तुरुंग आहे, ते एक झालं. पण दादा, त्यांनी पेरलं नि उतार वाहून गेला, तर चिखल माझ्या नावावर. आणि छान उगवलं तर? तेही माझं नाही. मला हे जास्त झोंबलं. पेरणी मला येते, आणि हा माणूस मला ती न करण्याचे पैसे देत होता. तूही तेच सुचवलंस, म्हणून हे पत्र इतकं उशिरा.

रागावलेली, तरी तुझीच,
व्हर्लीन

डेट्रॉइट
१३ जून १९९४

चि. व्हर्लीनला,
अ. उ. आ.

गाढव आहेस. आता तो दुसरी कुणी गाठेल, आणि तू तळ्याकाठी गवत पेरत म्हातारी होशील. तुझं पत्र मी शेजाऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. त्याला वाटलं मला तुझा अभिमान आहे. त्याचा गैरसमज मी दूर केला नाही.

राग ओसरला की लिही.
ओथेल

पाइन ब्लफ
१९ ऑक्टोबर १९९४

ती. दादास,
सा. न.

ऐक, काय झालं ते. बाईचं 'नाही' ब्रँटलीच्या कानात शिरलंच नव्हतं. फुकटचं कोण सोडेल, असं समजून त्यानं टेंडरात माझं नाव घालून दिलं, आणि बोली नेमकी त्याचीच लागली. मग विभागातून मला फोन: गवताचं काम तुम्ही करताय, खरं ना? मी नाही म्हटलं असतं तर त्याचा अख्खा रस्ता गेला असता. जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, उद्या सांगते.

मग ब्रँटलीला बोलावलं. या वेळी पेकन-पाय भाजली नव्हती. सांगितलं, की माणसं माझी, यंत्र माझं, दर माझा, आणि उतारावर तुमच्या मुकादमानं माझं ऐकायचं. तो म्हणाला, हे गळा धरणं झालं. मी म्हटलं, हे गवत पेरणं झालं, तुम्ही कधी पाहिलं नाहीत म्हणून ओळखलं नाहीत. बराच वेळ टोपी फिरवत बसला, आणि सही केली. विभागाला मी हो कळवलं.

उतार आता हिरवागार झालाय. चर्चच्या बायका मुद्दाम त्या रस्त्यानं जातात नि भोंगे वाजवतात. पेरणीच्या पहिल्या दिवशी मी उताराखाली उभी राहून रडले. क्लोव्हिसला सांगितलं, डोळ्यांत बी गेलं.

काल ब्रँटलीचा पुन्हा फोन आला. पुढचा रस्ता आहे, तुमचं नाव घालू का? या वेळी आधी विचारलं. विचार करून कळवते म्हटलं. विचार करण्यासारखं त्यात काही नाही, दादा. पण बसू दे जरा वाट बघत.

तुझी, आणि फक्त स्वतःच्या कामाला नाव देणारी,
व्हर्लीन